काळ्या रक्ताचे ढोर

धामणखेडा, पोस्ट सेलू
ता. ११ मे १९५७

प्रिय तानबा,

गिरडला तुझे बस्तान बसले असे तुझ्या मायकडून कळले. टेकडीवरच्या दर्ग्याला नवस बोलून झाला की लोक ढोर घेऊन खाली तुझ्या दवाखान्यात उतरतात म्हणे. म्हणजे पीरबाबा आणि तू, दोघांनी मिळून काम वाटून घेतलेले दिसते. चौथीपर्यंत मी खिडकीशी आणि तू व्हरांड्यात, असे एका शाळेत शिकलो. आज तू सरकारी स्टॉकमन आहेस याचा मला भावाइतका अभिमान वाटतो.

आता कामाचे. गावावर ढोरांची साथ आली आहे. संध्याकाळी कडबा खाल्लेले जनावर सकाळी आडवे. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, नाकातोंडातून काळे रक्त. सहा दिवसांत तीन गेली. रूपराव पाटलांचा बैल गावाबाहेर चिंचेखाली पडून आहे आणि कुत्री त्यावर तुटून पडली आहेत. वारा फिरला की घास घशाखाली उतरत नाही.

गेल्या दसऱ्याला तुमची सगळी आळी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, तेव्हापासून मेलेले ढोर ओढणे तुम्ही सोडले. मी त्यावर ब्र काढला नाही, उलट चावडीवर तुमची बाजू घेतली. हिवाळ्यात मेली ती एकदोन म्हातारी ढोरे, ज्याची त्याने कशीबशी नाल्यात लोटली. पण आता गोष्ट वेगळी आहे. तुझ्या बापाला दोन ओळी लिही. नत्थू तुझ्या शब्दाबाहेर नाही. या साथीपुरते, एवढे एकदाच. धर्म बदलला म्हणून गाव थोडेच बदलते? ते जितके माझे तितकेच तुमचे.

रूपराव तर म्हणतात, ढोर ओढत नसतील तर पेरणीला त्या आळीतला एक माणूस बोलवू नका. मी त्यांना थोपवून धरले आहे, पण किती दिवस धरणार?

उलट टपाली उत्तर दे.

तुझा,
प्रभाकर


गिरड
ता. १५ मे १९५७

प्रभाकररावजी यांस जय भीम.

पत्र मिळाले. बाला दोन ओळी लिहिणार नाही. एकही लिहिणार नाही.

तुम्हाला आठवत नसेल, मला आठवते. चौथीची परीक्षा होती. गुरुजींनी पहिले गणित फळ्यावर घातले आणि पाटलाचा माणूस व्हरांड्यात येऊन उभा राहिला. म्हैस मेली होती, बा एकटा पडत होता. मी पाटी ठेवून गेलो. परत आलो तेव्हा तिसरे गणित चालू होते आणि दोराने सोललेल्या हातात पेन्सिल धरवत नव्हती. तुम्ही खिडकीशी होतात. तुम्ही पहिले आलात, मी कसाबसा पास झालो. तुमचा अभिमान मी तुम्हाला परत पाठवतो, तो तुमच्याकडेच बरा.

बाबासाहेब सांगून सांगून थकले की हे काम सोडा. माझा बा पासष्ट वर्षांचा झाला तेव्हा कुठे तो ताठ उभा राहिला. त्याला मी पुन्हा वाकायला सांगू? आणि तेही 'एकदाच'? आमच्या आळीत 'एकदाच' म्हणून सुरू झालेले काम सात पिढ्या चालले.

ज्याने जनावराचे दूध प्यायले, ज्याने त्याला नांगराला जुंपले, त्यानेच त्याला माती द्यावी. तुम्ही पवनारला चार महिने सूत कातून आलात. श्रमाला जात नसते, हे वाक्य शाळेच्या भिंतीवर तुम्हीच गेरूने लिहिले आहे. आता भिंतीवरून खाली उतरवा.

साथीची वर्दी वर्ध्याच्या गुरांच्या दवाखान्यात द्यावी.

तानबा नत्थू


धामणखेडा
ता. २० मे १९५७

प्रिय तानबा,

तुझे पत्र झोंबले. पण खऱ्याला खोटे कसे म्हणू? तेव्हा आता ऐक, तुझ्या वाक्याचे मी काय केले ते.

परवा आमचा पांढऱ्या गेला. उजव्या अंगाचा बैल, तुला माहीत आहे, वासरू असताना मी त्याला बाटलीने ताक पाजले होते. सकाळी गोठ्यात गेलो तो पाय ताणून पडलेला. मी रडलो, ते लपवत नाही. मग धोतर खोचले आणि ठरवले की याला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही.

वर्ध्याला मी आठ दिवस कातडे काढायला शिकलो होतो हे तू विसरलास. मारलेल्या जनावराचे कातडे वापरू नये, मेलेल्याचे वाया जाऊ देऊ नये, हे तिथे मनावर ठसले आहे. शाळेचे बंडूजी मास्तर पाय धरायला आले. गोठ्यामागच्या पडवीत मी स्वतः सुरी चालवली आणि साडेतीन तासांत कातडे अखंड उतरवले. रक्त काही गोठेना, डांबरासारखे ओघळतच राहिले. बाकीचे धड आम्ही दोघांनी बंडीला बांधून नाल्यात नेऊन टाकले. कातडे मीठ चोळून गोठ्याच्या आढ्याला टांगले आहे. त्याच्या वहाणा करीन. पांढऱ्या पायाखाली का होईना, बरोबर राहील.

सगळे गाव नाकाला पदर लावून बघत होते. मायने मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलेले नाही, ताट ओसरीवर येते. रूपराव म्हणाले, "परभाकरराव, तुमी तं जातच बुडवली." मी म्हटले, बुडाली तर बुडाली, तिला पोहता येत नसेल. तुझ्या आळीतले लोकही दुरून पाहत होते. तुझा बाप तर दोनदा कुंपणापर्यंत आला आणि काही न बोलता परत गेला. मनात म्हटले, बघ म्हणावे, आमच्याही हातांना जमते.

सुरी निसटून मनगटावर जरासे कापले आहे. किरकोळ. शौर्याची खूण समज.

तू शाबास म्हणणार नाहीस हे ठाऊक आहे, पण निदान रागावू नकोस.

प्रभाकर


तार
हिंगणघाट, २३ मे १९५७

काळे रक्त म्हणजे फाशी. कातड्याला हात लावू नका. मनगट आजच वर्ध्याला डॉक्टरांना दाखवा. पत्र मागून.
तानबा


हिंगणघाट
ता. २३ मे १९५७

प्रभाकररावजी,

तुमचे पत्र आज सकाळी गिरडला हातात पडले. 'रक्त गोठेना' हे शब्द वाचले आणि तसाच पहिल्या मोटारीने तार करायला इथे आलो. तारघराच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. घाईत लिहितो, अक्षर लावून घ्या.

फाशी हा ढोरांचा सगळ्यांत वाईट रोग. न गोठणारे काळे रक्त ही त्याची खूण. असे जनावर मेले की त्याला सुरी लावायची नसते, एवढा एकच नियम जरी पाळला तरी निम्मा रोग जागच्या जागी मरतो. अंग बंद असले तर रोग आतल्या आत कुजून जातो. अंग उघडले की त्याच्या बियांना वारा लागतो, आणि मग त्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. त्या गवतातून पुन्हा ढोरात शिरतात, आणि माणसाच्या जखमेतून माणसात. माणसाला काळपुळी येते. आधी खाजरा फोड, मग मध्ये काळी खपली. ती दुखत नाही, म्हणून माणूस घरी बसून राहतो. तुम्ही घरी बसू नका. पेनिसिलिन वेळेवर मिळाले तर भीती नाही, उशीर झाला तर मला पुढचे लिहवत नाही.

एक कबूल करायचे आहे. तार केल्यावर तुमचे पहिले पत्र खिशातून काढून पुन्हा वाचले. 'नाकातोंडातून काळे रक्त' हे तुम्ही तेव्हाच लिहिले होते. दुसऱ्याच परिच्छेदात, ठळक. बारा दिवसांपूर्वी. स्टॉकमनने ते वाचायला हवे होते. पण ते पत्र स्टॉकमनने वाचलेच नाही, नत्थू महाराच्या पोराने वाचले, आणि त्याला फक्त 'ओढणे' हा शब्द दिसला. राग खरा होता, अजूनही आहे. पण रागाच्या भरात मी तुम्हाला 'भिंतीवरून खाली उतरवा' म्हटले आणि कसे करायचे ते सांगितले नाही. तुमच्या हाताला काही झाले तर ते पाप माझ्या पदरात पडेल.

कातडे काठीने खाली घ्या, पडवीतली वीतभर माती खरवडा, दोन्ही जाळा. गोठ्यातली ढोरे दुसरीकडे बांधा. नाल्याचे पाणी कोणत्याही जनावराला दाखवू नका. लस नागपूरहून मागवली आहे. ती हातात पडली की धामणखेड्याला निघतो. साहेबांची परवानगी मिळाली आहे.

दवाखान्यात जा. हे पत्र वाचत असाल आणि गेला नसाल तर पत्र खाली ठेवा आणि जा.

तानबा


वर्धा
ता. २७ मे १९५७

तानबाभाऊ यांस,

मी सुलोचना, प्रभाकररावांची बायको. त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत सुजला आहे, म्हणून मी लिहिते. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, चुका पोटात घाला.

तुमची तार आली तेव्हा घरात गोंधळ उडाला. रूपराव पाटलांनी ती मोठ्यानं वाचली. 'फाशी' हा शब्द ऐकताच सासूबाईंनी हंबरडा फोडला. त्यांना वाटलं, बैलाचं कातडं काढलं म्हणून सरकार त्यांच्या लेकाला फासावर चढवते. "माह्या पोरानं बैल मारला नाई हो, तो आपल्या मौतीनं मेला," असं त्या पोस्टमनचे पाय धरून सांगत होत्या. मला हसू येत होतं आणि रडूही. हे म्हणाले, फोड दुखत नाही, उद्या पाहू. मी मनगट पाहिलं. मधोमध कोळशासारखी काळी खपली. त्याच पावली बंडी जुंपायला लावली, सेलूला आणलं आणि मोटारीनं वर्ध्याला. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस थांबला असता तर माझ्या हातात काही उरलं नसतं. चार चार तासांनी सुई देतात. ताप काल रात्रीपासून उतरणीला लागला आहे. आज पेजेला मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर चिडले, तेव्हा मला धीर आला.

भाऊ, यांनी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली आहे, ती मी सांगते. तुम्हाला पहिलं पत्र टाकायच्या आदल्या दिवशी हे तुमच्या घरी गेले होते. तुमच्या वडिलांना म्हणाले, चला, रूपरावांचा बैल ओढायचा आहे. ते म्हणाले, "आता नाई, मालक. पण आईका तं खरं, त्या बैलाचं..." एवढंच ऐकून हे पाठ फिरवून आले. मला म्हणाले, नकार तर नकार, वर गोष्टी कशाला ऐकायच्या. मग तुमच्याकडून दाब आणायला पत्र लिहिलं. मी तेव्हाच म्हटलं होतं की म्हातारा काहीतरी सांगत होता.

आम्ही निघालो तेव्हा तुमचे वडील वेशीपर्यंत बंडीमागून चालत आले. मला म्हणाले, "बाई, त्या दिवशी म्या कुंपणापाशी येऊन सांगाले पाह्यजे होतं. जीभच नाई उचलली. वाटलं, हे म्हणतीन आता शिकवाले आला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

गावात आणखी दोन ढोरं मेली आहेत. ती जिथल्या तिथं पडली आहेत. आता सगळे म्हणतात, हात लावला तर माणूस मरते, तेव्हा ज्यांना सवय आहे त्यांनीच करावं. जणू सवय असलेल्यांना जीव नसतो. तुम्ही कधी येता? यांच्याजवळ माझी आई आली आहे. मी उद्या गावी परत जाते, तिथं कोणी तरी पाहिजे.

सुलोचना


धामणखेडा
ता. ३ जून १९५७

प्रभाकररावजी,

काल दवाखान्यातून निरोप आला की तुमचा ताप गेला आणि सूज कोपराखाली उतरली. निरोप वाचून मी जेवलो. त्याआधी दोन दिवस नुसता चहा चालला होता. आता इथले सगळे सांगतो. पडल्या पडल्या वाचा, मान हलवायला उजवा हात लागत नाही.

तीस तारखेला लस घेऊन आलो. चावडीपुढे सगळे गाव जमले होते. रूपरावांनी खुर्ची दिली. तिच्यावर बसताना माझीच पाठ अवघडली. मी सांगितले, एकूण एक ढोराला लस टोचणे माझे काम, ते मी दोन दिवसांत करतो. पण दोन ढोरे उघड्यावर पडली आहेत. ती सहा फूट खोल खड्ड्यात गेल्याशिवाय लशीचा उपयोग अर्धा. ते काम गावाचे. कोणी जागचे हलले नाही. सगळे माझ्याकडे असे पाहत होते की आता मी कोट काढीन आणि दोर मागीन. खरे सांगतो, क्षणभर मलाही वाटले की काढावा कोट, चार माणसे आळीतून बोलवावीत आणि तासाभरात संपवावे. रोग वाट पाहत नाही. पण मग ते पुन्हा 'एकदाच' झाले असते.

तेवढ्यात तुमच्या सुलोचनाबाई पावडे घेऊन आल्या. डोक्यावर पदर, त्याचे टोक कमरेला खोचलेले. त्यांनी मला विचारले, खड्डा कुठे घ्यायचा. मी उंचावरची पडीक जागा दाखवली, विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब. त्या गेल्या आणि खणायला लागल्या. बायकोमाणूस खणते आणि आपण बघतो, हे किती वेळ चालणार? बंडूजी मास्तर उठले. मग दोन, मग सात. शेवटी रूपराव उठले, सदरा काढून. दुपार कलेपर्यंत खड्डा माझ्या डोक्याइतका खोल झाला.

खरी फजिती पुढे झाली. ढोर उचलायचे कसे हे कोणालाच येईना. एकाने शिंगांना दोर बांधला, तो निसटला. दुसऱ्याने शेपटीला बांधला, त्याचे नाव सांगत नाही. मलाही पुस्तकातले ठाऊक, हातातले विसरलेले. फुगलेले अंग, जरा वेडेवाकडे ओढले तर फाटायचे.

बा बाभळीखाली बसला होता, पंचवीस पावलांवर. तो उठला नाही. तिथूनच म्हणाला, "मी हात नाई लावत. पण तोंडानं सांगतो, आईकाचं असंन तं."

सगळे थांबले. रूपराव म्हणाले, "सांगा."

आणि बाने सांगितले. आधी नाकातोंडात चुन्याच्या पाण्यात भिजवलेल्या चिंध्या कोंबा, मागल्या अंगालाही, म्हणजे थेंब गळणार नाही. दोर शिंगाला नाही, पायांच्या वर, छातीमागून. खाली बंडीचा बांबूचा तट्ट्या सरकवा आणि तट्ट्याच ओढा, ढोर ओढू नका. जिथे पडले तिथली माती खरवडून त्याच खड्ड्यात. तट्ट्या, दोर, चिंध्या सगळे त्याच्यासोबत, घरी काही आणायचे नाही. खाली वर चुना, वरून काटे. माझ्या सरकारी पुस्तकात अकरा कलमे आहेत. बाने त्यातली नऊ सांगितली आणि एक अशी सांगितली जी पुस्तकात नाही. माणसांनी वाऱ्याच्या अंगाला उभे राहावे, वारा आपल्याकडून ढोराकडे जावा, म्हणाला.

मी विचारले, बा, तुला हे कोणी शिकवले? तो म्हणाला की त्याच्या बापाने. काळ्या रक्ताचे ढोर असले की त्याला सुरी लावायची नाही, मांस खायचे नाही, कातडे पाटलाने कितीही मागितले तरी द्यायचे नाही. त्यापायी आजोबाने पाटलाचा मार खाल्ला होता. कातडे चोरले असा आळ घेऊन.

बंडूजी मास्तर कळवळून म्हणाले, "नत्थूजी, हे तुमी पयलेच काऊन नाई सांगतलं? परभाकररावांवर ही पाळी आली नसती."

बा म्हणाला, "गुरुजी, साठ वर्सात या गावातला माणूस माह्या दारी ढोर ओढाले लावाले आला. पुसाले कोणी आलं नाई."

मास्तरांनी चिंध्या चुन्याच्या पाण्यात बुडवायला घेतल्या. दोन्ही ढोरे अंधार पडायच्या आत मातीआड झाली. नाल्यातल्या तुमच्या पांढऱ्याचे आणि आधीच्या तीन ढोरांचे जे उरले होते ते दुसऱ्या दिवशी रॉकेल टाकून जागच्या जागी जाळले. सुलोचनाबाई शेवटपर्यंत उभ्या होत्या. दोनशे बारा ढोरांना लस टोचली. रूपरावांच्या एका कारवडीचे मात्र मला खरे दिसत नाही, लस तिला उशिरा मिळाली.

मी उद्या गिरडला परत जातो. पहिले पत्र टाकायच्या आधी तुम्ही बाच्या दारी जाऊन आला होतात, ही गोष्ट मला लिहिली नव्हती. मी विचारत नाही. पत्र न वाचणारा मीही होतोच.

तानबा


धामणखेडा
ता. १७ जून १९५७

प्रिय तानबा,

हे पत्र माझ्या उजव्या हाताचे आहे. अक्षर चौथीतल्यापेक्षा वाईट आले तरी मला त्याचे कौतुक वाटते. मनगटावर रुपयाएवढा खड्डा राहिला आहे. त्याला शौर्याची खूण म्हणायची हिंमत आता नाही. कोणी विचारले तर सांगतो, ही माझ्या शहाणपणाची जागा.

सात तारखेला घरी आलो. आंघोळ केली आणि सगळ्यांत आधी तुमच्या घरी गेलो. वाटेत मनात भाषण जुळवले होते, ते दारात विसरलो. नत्थूजी खाटेवर बसले होते. मी म्हटले, त्या दिवशी तुम्ही 'त्या बैलाचं' म्हणून थांबलात, त्यापुढे काय होते? ते हसले. म्हणाले, "आता कायले? आता तं तुमाले पाठ झालं." मग बसा म्हणाले. मी बसलो आणि त्यांनी सगळे पुन्हा सांगितले, पहिल्यापासून. मी वहीत उतरवून घेतले. तुझ्या माय धुरपताबाई मधूनच म्हणत होत्या की म्हातारा आता फुगणार, घरातही तोंडानेच काम सांगणार.

तू म्हटले होतेस तसेच झाले. नऊ तारखेला रूपरावांची कारवड गेली. मी घराबाहेर पडलो तर रूपराव स्वतः तुमच्या आळीकडे निघालेले दिसले. वाटले, हा माणूस पुन्हा जुन्या वळणावर गेला. मागोमाग गेलो. ते अंगणात उभे राहिले, पागोटे नीट केले आणि म्हणाले, "नत्थूजी, कारवड गेली. वारा आज उलटा हाये. खड्डा कोन्या बाजूनं घेऊ?"

तानबा, मला त्या माणसाच्या शब्दांनी इतका आनंद कधी झाला नव्हता. नत्थूजी बाहेर आले, हवा पाहिली, जागा सांगितली. या वेळी गावात बोलावणे करावे लागले नाही. खांद्यावर पावडी टाकून लोक आपणहून आले. मला खणू देईनात म्हणून मी चुना चाळत बसलो. दीड तासात सगळे आटोपले. बांधताना एकानेही चूक केली नाही. त्यानंतर आजवर गावात एकही ढोर मेलेले नाही. आणि पेरणीचे म्हणशील तर रूपरावांनी आपल्या शेतावर तुमच्या आळीतली नऊ माणसे सांगितली आहेत. जुन्या बोलण्याचा त्यांनी उच्चार केला नाही, मीही केला नाही.

आता मुख्य गोष्ट. काम संपल्यावर सुलोचनेने सगळ्यांना सोड्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. मग ती आमच्या घरचा तांब्या भरून बाभळीखाली नत्थूजींकडे गेली. ते म्हणाले, "बाई, म्या कुठं हात लावला? मले धुवाची गरज नाई."

ती म्हणाली, "धुवाले नाई. पेवाले हाये."

रूपराव बघत होते, माझी माय ओट्यावरून बघत होती. नत्थूजींनी तांब्या तोंडाला लावून पाणी प्यायले आणि रिकामा तिच्या हातात दिला. तिने तो तसाच घरात नेला. माय दारातून जरा बाजूला झाली. मला वाटले हे तुला लगेच लिहावे, पण हात तयार नव्हता. आज लिहितो.

आणखी एक. तुझी सगळी पत्रे मी काल ओळीने वाचली. मी तुला तू म्हणतो, तू मला तुम्ही. आता ते वाचताना टोचते. एक तर दोघांनीही तू म्हणावे, नाहीतर दोघांनीही तुम्ही. ठरव तूच.

प्रभाकर


गिरड
ता. २३ जून १९५७

प्रभाकर,

दोघांनीही तू.

तुझे पत्र दवाखान्यात साहेबांना वाचून दाखवले, कारवडीचा भाग. त्यांनी बाने सांगितलेली वाऱ्याची गोष्ट लिहून घेतली आणि जिल्ह्याच्या पत्रकात घालू म्हणाले. वही जपून ठेव. जिथे खड्डे घेतले तिथे काट्यांचे कुंपण पक्के कर. पाऊस लागला की तिथे गवत सगळ्यांत हिरवे येईल आणि ढोरे तिकडेच ओढ घेतील. दहा वर्षे तरी ते कापू नको, चारू नको, नांगरू नको. पुढच्या उन्हाळ्याआधी लस पुन्हा टोचायला मी येईन. तोवर मनगटाला तेल लाव आणि शहाणपणाची जागा म्हणून लोकांना दाखवत फिरू नको, गर्व लवकर फिरून येतो.

वहिनींना माझा जय भीम सांग. त्यांनी पावडे उचलले नसते तर त्या दिवशी मी कोट काढला असता. हे मी बालाही सांगितलेले नाही.

पाण्याची गोष्ट वाचली. दोनदा वाचली, आणि मग पत्र घडी करून बाहेर जाऊन उभा राहिलो. बरे वाटले, खोटे कशाला बोलू. पण तुला एक सांगतो. म्हातारा माणूस उन्हात बसला होता, त्याला शेजारच्या घरून पाणी मिळाले, एवढेच ते आहे. बा पुन्हा तुझ्याकडे पाणी पिईल तेव्हा मला लिहू नको. लिहिण्यासारखे त्यात काही उरता कामा नये.

तानबा